उणे तेरा

हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा घड्याळजी निर्धास्त होता. मोतीबिंदू म्हणजे वय झालं, एवढंच. फॉर्मवर ‘डोळ्यांची आधीची शस्त्रक्रिया’ या रकान्यात त्याने वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं.

“लेझर कधी केलंत?” बाईंनी यंत्रापलीकडून विचारलं.

“ह्यांना? छे!” मागून बायको म्हणाली. “ह्यांना आयुष्यात चष्मा लागलेला नाही.”

घड्याळजीला मान वळवता येईना. वळवून कुठे ठेवायची, हाही प्रश्न होताच.

चोवीस वर्षांपूर्वी त्याच्या चष्म्याच्या काचा बघून दोन स्थळं परत गेली, तेव्हा आईने गुपचूप त्याच्या डोळ्यांचं लेझर करवून घेतलं. तिसरं स्थळ टिकलं. पुढे रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसू लागलं, तेव्हा रात्री गाडी न चालवणं हे त्याने तत्त्व म्हणून जाहीर केलं. कोरड्या डोळ्यांत घालायच्या थेंबांना घरात ॲलर्जीचं औषध म्हणत. आठ वर्षांनी थोडा नंबर परतला आणि रस्त्यावरची माणसं ओळखू येईनात. लोक त्याला शिष्ट म्हणू लागले, तेही त्याने पचवलं.

मग मुलीला सहाव्या वर्षी चष्मा लागला आणि बघता बघता उणे नऊवर गेला. “आमच्यात नाही बाई कुणाला,” आई म्हणाली. “सुनेच्या माहेरचे डोळे.” ती हे चौदा वर्षं म्हणत होती, आणि घड्याळजी चौदा वर्षं शेजारी बसून पेपर वाचत होता.

“बुबुळ घासलेलं स्वच्छ दिसतंय,” बाई म्हणाल्या. “जुना नंबर कळला तर आत बसवायच्या भिंगाचा हिशोब नेमका बसेल. नाहीतर अंदाजपंचे. तुमचं काम तर बारीक काट्यांचं.”

“दोन... अडीच असेल.”

“अडीचला डोळ्याचा गोळा आतून इतका लांब होत नाही.”

“मग सात धरा.”

“अहो, भाजी घेतोय का आपण?” बायकोचा आवाज अगदी शांत होता. तो ऐकून घड्याळजीला घाम फुटला. “काय असेल ते सांगा.”

“तेरा,” तो यंत्राला म्हणाला. “उणे तेरा. दोन्ही डोळे.”

बाईंनी लिहून घेतलं.

“घरी गेल्यावर आईंना सांगायचं,” बायको म्हणाली. “माझ्यासमोर, मुलीसमोर.”

“तिला रक्तदाब आहे गं.”

“असू दे. गोळी देऊ आधी.”

बाहुल्या मोठ्या करायच्या थेंबांनी त्याच्यापुढे सगळा पांढरा धूर झाला होता. जिना आहे म्हणतात, तो कुठे सुरू होतो कळत नव्हतं. बायकोने एका हाताने त्याचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने घरी फोन लावला.

“आजी काय करतेय?” तिने मुलीला विचारलं. “आडवी झाली? उठव तिला. आम्ही निघालोय.”

घड्याळजीने दंड जरा सैल होतो का, बघितलं. होत नव्हता.