काटेवाल्यांनी काटा मारला

"भोकं?" काटेवाल्यांनी विचारलं. "नुसती भोकं?"

"चार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक बेंबीपाशी, तीन वरच्या बाजूला. सगळ्यात मोठं माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं." त्यांनी कागदावर एक पोट काढलं आणि त्यावर पेनानं टिंबं दिली. "बेंबीतून कॅमेरा आत जातो. पोटात थोडा गॅस भरायचा, म्हणजे आत कामाला जागा होते. मग लांब दांड्याची हत्यारं घालून, समोर टीव्हीवर बघत बघत पित्ताची पिशवी खड्यांसकट सोडवायची आणि बेंबीतूनच बाहेर काढायची. सगळं नीट पार पडलं तर काकू दुसऱ्या दिवशी घरी."

"दुसऱ्या दिवशी?"

काटेवाल्यांचा चेहरा असा पडला की डॉक्टरीणबाईंना वाटलं, हे घाबरले. त्या घाईनं म्हणाल्या, "अहो काका, आता सगळीकडे असंच करतात. अगदी सुरक्षित आहे."

काटेवाले घाबरले नव्हते. त्यांचा हिरमोड झाला होता, आणि तो का झाला हे त्यांच्या बायकोला, म्हणजे शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या पेशंटला, सांगण्यासारखं नव्हतं.

दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे गल्लीनं त्यांचं मूळ नाव कधीच बाजूला ठेवून दिलं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांच्याही पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते. तेव्हा कॅमेरा लग्नात असायचा, पोटात नाही. सर्जननं उजव्या बरगडीखाली वीतभर चिरलं होतं. नंतर महिनाभर काटेवाले अंथरुणाला खिळले होते. बायकोनं त्यांना अंघोळ घातली, भरवलं, कुशीवर वळवलं, चपला घातल्या, आणि उरलेल्या वेळात स्वतःचं पुस्तकबांधणीचं कामही सांभाळलं. तोंडातून एकदाही 'कंटाळले' निघालं नाही. ही हकीकत काटेवाले येईल त्याला ऐकवत. समोरच्यानं टाळायचा प्रयत्न केलाच, तर शर्ट वर करून व्रण दाखवत.

पण मनात एक गोष्ट सलत होती. बायको कधी आजारीच पडली नाही. सर्दीसुद्धा तिला उभ्या उभ्या होऊन जायची. आपण तिच्या सेवेच्या पासंगालाही पुरलो नाही, पुरायची संधीच मिळाली नाही, असं त्यांना वाटत राहिलं. आणि आठवड्यापूर्वी सोनोग्राफीत तिच्याच पोटात खडे निघाले. त्यांना वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी ते कामाला लागले. दुकान महिनाभर बंद ठेवायचं ठरलं. लेकीकडून फोनवर चार प्रकारची सूप शिकून झाली. अंथरुणात बसून जेवायला आडवं टेबल आणलं. उशाशी वाजवायला घंटासुद्धा आणली.

तपासणी झाल्यावर बायको चपला घालायला बाहेर गेली. तेव्हा काटेवाले खुर्चीतून पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, ते जुन्या पद्धतीनं नाही का करता येणार? वीतभर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, काकूंशी भांडण आहे का तुमचं?"

मग काटेवाल्यांनी सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण फार नाही. "ऐका. कधी कधी आत सगळं चिकटलेलं निघतं, तेव्हा पोट उघडावंच लागतं. तयारी आम्ही ठेवतोच. पण ती वेळ येऊ नये असं म्हणा. वीतभर जखम म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?"

ऑपरेशनच्या सकाळी हे बोलणं त्यांच्या मानगुटीवर बसलं. बायकोला आत नेलं आणि दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना आपला तो महिना आठवला. सांगताना आठवायचा तसा नाही, झाला होता तसा. खोकला आला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. कूस बदलायची म्हणजे धास्ती. हे तिच्या वाट्याला यावं म्हणून आपण डॉक्टरांकडे शब्द टाकला होता. चार भोकं, फक्त चार भोकं, असं ते ओठांतल्या ओठांत घोकत राहिले. शेजारच्या माणसानं विचारलंही, "काही म्हणालात का?"

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला. "जरासं चिकटलेलं होतं, पण सुटलं. चारच भोकं काका. वीत नाही."

काटेवाल्यांना रडू आवरेना. रुमाल सापडेना, तेव्हा त्यांनी शर्टाच्या बाहीनंच डोळे पुसले. इतका आनंद त्यांना लेक झाली तेव्हाच झाला होता. डॉक्टरीणबाईंनी दिलेली खड्यांची बाटली त्यांनी खिशात जपून ठेवली. आपले खडे मात्र याहून मोठे होते, हेही त्यांनी जाता जाता नोंदवलं.

आनंद ओसरला आणि दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर सेवा आठवली. बायको जिना स्वतः चढून आली. आडवं टेबल पाहिलं आणि म्हणाली, "यावर माझी कात्री आणि दोरे छान राहतील." संध्याकाळी मात्र तिचा उजवा खांदा दुखायला लागला. काटेवाल्यांना संधी दिसली. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा दुखतो, म्हणजे हे काहीतरी मोठंच असणार. ते तेल कोमट करून हजर झाले. तेवढ्यात ऑपरेशनपुरत्या राहायला आलेल्या लेकीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"डॉक्टर म्हणतात, आत भरलेला गॅस थोडा उरतो, त्याची ती कळ असते," लेकीनं फोन ठेवत सांगितलं. "चोळून काही होणार नाही. चालायला सांगितलंय."

बायको लगेच उठली आणि घरभर चालायला लागली. काटेवाले तेलाची वाटी घेऊन मागे मागे. रात्रीपर्यंत कळ उतरली आणि तेल होतं तसंच वाटीत राहिलं.

आता त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दोन आठवडे पाच किलोच्या वरचं काही उचलायचं नाही. वजन म्हटल्यावर काटेवाल्यांच्या अंगात वारं शिरलं. दुकानातला तबकडीचा काटा त्यांनी घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला. भरलेला कुकर, पाण्याची बादली, धुण्याची पाटी, पुस्तकांचे गठ्ठे, दिसेल ते काट्यावर चढू लागलं. पाचच्या वर गेलं की काटेवाले ते उचलून विजयी मुद्रेनं जागेवर नेऊन ठेवत.

अडचण एवढीच की घरातल्या बहुतेक वस्तू पाचच्या आतल्या निघाल्या. गृहिणीचं घर हळूहळू तिला पेलेल असंच झालेलं असतं, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. बायको प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायची, तबकडीकडे बोट दाखवायची आणि हसत हसत उचलून न्यायची. चौथ्या दिवशी तर ती पुस्तकं शिवायला बसली.

त्या दुपारी ती डुलकी घेत असताना काटेवाल्यांनी काटा उघडला. सगळ्या बाजारात त्यांची ख्याती होती. मापात पाप करून द्या म्हणून दुकानदार गळ्यात पडले, पैसे देऊ म्हणाले, पण या माणसानं कधी कुणाचा काटा मारून दिला नव्हता. त्याच माणसानं आतली स्प्रिंग काढली आणि तिच्या जागी जराशी मऊ स्प्रिंग बसवली. आता साडेतीन किलोची वस्तू पाचच्या पलीकडे जात होती.

दोन दिवस स्वर्गसुख होतं. कुकर जड, पाटी जड, शब्दकोशाची जोडी तर फारच जड. काटेवाले धावत होते, वाहत होते, घामाघूम होत होते. घंटा वाजली नाही तरी ते "आलो, आलो" करत होते.

तिसऱ्या दिवशी बायकोनं पुस्तकबांधणीच्या खळीचं पाकीट आणलं. अजून फोडलेलंही नव्हतं, वर छापलेलं होतं, एक किलो. तिनं ते सहज काट्यावर ठेवलं. काटा दीडवर जाऊन उभा राहिला.

तिनं पाकीट उचललं, परत ठेवलं. पुन्हा दीड.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही काटा मारलात?"

काटेवाले हातातल्या फडक्याची घडी करत राहिले. मग तिथेच स्टुलावर बसले. "मारला," ते म्हणाले. "तू माझं इतकं केलंस. मला काही करूच देत नाहीयेस. मी काय करू?"

बायको हसायला लागली. हसताना भोकं ओढली गेली, म्हणून पोटावर हात धरून हसत राहिली. मग समोर येऊन बसली.

"तुमच्या त्या महिन्यात मी काय काय केलं ते गल्लीभर सांगता," ती म्हणाली. "मला काय मिळालं ते कधी विचारलंत?"

"काय मिळालं?"

"तुम्ही." ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "लग्न झाल्यापासून उजाडलं की दुकान. घरी यायचात ते जेवून झोपायला. त्या महिन्यात तुम्ही दिवसभर घरात होतात. आपण पत्ते खेळायचो. तुम्ही शाळेतल्या गमती सांगायचात. मी मुद्दाम हसवायचे तुम्हाला, टाके ओढले की कसे ओरडायचात. मग टाके निघाले, दुकान उघडलं, आणि तुम्ही पुन्हा गेलात ते गेलातच."

काटेवाल्यांनी फडकं बाजूला ठेवलं. इतकी वर्षं ते तिच्या कष्टांचं वजन करत होते. ती हे असं काही मोजत असेल याची त्यांना कल्पनाच नव्हती. गेलेल्या वर्षांचं त्यांना फार वाईट वाटलं.

"यावेळी डॉक्टरांनी भोकं म्हटलं," ती पुढे म्हणाली, "तेव्हा मलाही जरा वाईटच वाटलं. म्हटलं, आता हे आठवड्यात दुकान उघडणार."

"तुला पण?" काटेवाले म्हणाले. मग दोघंही हसत सुटली. यावेळी तिनं त्यांच्या दंडाला धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेवाल्यांनी मूळ स्प्रिंग परत बसवली आणि काटा बगलेत मारून दुकानाशी गेले. बायकोही निघाली होती बरोबर, ती समोरच्या फुटपाथवर थांबली. दुकानापुढे फळवाली आपला बिघडलेला काटा घेऊन उभीच होती.

"तोवर हा वापर," काटेवाले म्हणाले आणि घरचा काटा तिच्या हातात दिला. "तुझा पुढच्या महिन्यात बघतो. दुकान बंद आहे."

"अगं बाई. वहिनींचं ऑपरेशन झालं ना? कशा आहेत आता?"

"एकदम ठणठणीत."

"मग दुकान कशाला बंद?"

"ठणठणीत आहे म्हणूनच," काटेवाले म्हणाले.

 त्यांनी शटरचं कुलूप ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि रस्ता ओलांडला. बायको तोपर्यंत बागेच्या दिशेनं चालायला लागलीही होती. ती चांगलीच भरभर चालत होती, आणि तिला गाठायला काटेवाल्यांना जवळजवळ पळावं लागलं.