छपराच्या झडपेतला बोळा

सकाळी सकाळी नाकावर टपकन थेंब पडला आणि ती उठून बसली. खिडक्यांच्या काचांवरून पाण्याचे ओघळ चालले होते. तिने आपली ओली उशी नवऱ्याच्या पोटावर टाकली.

"अहो, आणखी एकदा ही उशी भिजली तर मी बस धरून लेकीकडे जाणार. तुम्ही आणि तुमचं हे चाकांवरचं तळं, खुशाल फिरा."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ओरडणं म्हणजे नुसता राग. पण ती अगदी शांतपणे बोलली आणि लगेच बॅग भरायला बसली. त्याचं धाबंच दणाणलं.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, कपाटं असं सगळं स्वतःच्या हाताने बसवलं होतं. पाय चालताहेत तोवर दोघांनी समुद्राकाठाने फिरायचं, हा त्याचा बेत. तिच्याशिवाय तो भाजी आणायलासुद्धा कधी गेला नव्हता. ती लेकीकडे गेली की व्हॅन विकायची आणि घरी जाऊन भिंतीकडे बघत बसायचं, हे उघड होतं.

नोकरीभर त्याने गोठवलेल्या मालाच्या गोदामात यंत्रं सांभाळली होती. दाराची फट दिसली की बुजव, नळाचं भोक दिसलं की बुजव. सगळे त्याला 'बूच' म्हणत आणि त्याला त्याचा अभिमान होता. इथेही त्याचं प्रत्येक खिडकीभोवती फटी बुजवायचं सीलंट फासून झालं होतं. आभाळ कोरडं ठणठणीत असताना पाणी येतं कुठून, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. फट कुठे आहे, एवढाच पडला.

व्हॅन उभी होती त्या तळाजवळच्या दुकानातल्या बाईने उपाय सांगितला. "काच रात्री गार पडते आणि आतली दमट हवा तिला लागली की पाणी सुटतं. काचांना आतून जाड पडदे घट्ट बसवा. बाहेरून पत्र्यासारखं चंदेरी कापड, मध्ये कापूस, आतून साधं कापड. आणि काका, छपराची झडप तेवढी उघडी ठेवा."

पहिलं त्याने मन लावून ऐकलं. शेवटचं ऐकल्यासारखं केलं.

वर्तमानपत्रं काचांवर धरून त्याने मापं कापली. बायकोने सगळी हयात लोकांचे पडदे शिवण्यात घालवलेली. बॅग भरून ठेवली तरी वाकडं शिवलेलं तिला बघवेना. "सरका, तुमच्या टाक्यांनी बारदानसुद्धा लाजेल," म्हणत तिने पडदे ओढून घेतले आणि संध्याकाळपर्यंत शिवून दिले. त्याने कडांना काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्या लावल्या. पडदे काचांना असे चिकटले की बोट जाईना. तो हरखून गेला. मग ती दात घासायला बाहेर गेल्यावर उरलेल्या तुकड्याचा बोळा करून त्याने हळूच छपराच्या झडपेत कोंबला. कामात कसर नको.

सकाळी त्याने पडदा काढला. काच कोरडी! तो टाळी वाजवणार, तेवढ्यात वरून थेंब पडला. उशीवर. तिच्याच. आख्खं छप्पर घामेजलं होतं.

तिने चपला घातल्या, बॅग उचलली. त्याने घाईघाईने झडपेतला बोळा उपसला, तर त्यातलं सगळं पाणी त्याच्या टकलावरून मानेत गेलं.

"हे कोणी कोंबलं इथे?" तिने विचारलं.

"सवय गं. गोदामात आम्ही..."

"गोदामात वाटाणे होते. वाटाणे घोरत नाहीत! आपण दोघं रात्रभर श्वास टाकतो, तो जाणार कुठे?"

बूचने हातातला बोळा पिळला. बाहेरून येतं म्हणून ज्याच्याशी तो भांडत होता, ते पाणी दोघांच्याच श्वासाचं होतं.

"एक रात्र," तो म्हणाला. "झडप उघडी ठेवतो. उशी भिजली तर तुला मी स्वतः बसमध्ये बसवून देतो."

तिने बॅग दाराशीच ठेवली, उघडली नाही. संध्याकाळी ती पाठ करून काहीतरी शिवत बसली. बॅगेचा बंद असेल, असं त्याला वाटलं आणि त्याने ताट बाजूला सारलं. रात्री पडदे लागले, झडप उघडी राहिली. नेमकी त्याच्या टकलावर गार वारा सोडत. उघडं भोक बघत तो कितीतरी वेळ तळमळला.

सकाळी त्याने आधी तिची उशी चाचपली. कोरडी. छप्पर कोरडं, काचा कोरड्या. पण स्वतःच्या डोक्याला काहीतरी ऊबदार लागत होतं. हात लावला तर टोपी! बाहेरून चंदेरी, आतून कापूस. त्याच बोळ्याच्या कापडाची, कानांवर येईल अशी, झोपेत कधीतरी चढवलेली. आणि दाराशी बॅग रिकामी पडली होती, तिचे कपडे कपाटात परत घड्या होऊन बसले होते.

"काल शिवलीस?" त्याने टोपी चाचपत विचारलं. "पण उशी कोरडी राहील हे तुला काल कुठे माहीत होतं?"

"नव्हतंच माहीत," ती शेगडी पेटवत म्हणाली. "आता चहा उकळतोय, ती खिडकी उघडा."

बूच उठला आणि टोपी न काढता खिडकी सताड उघडली.