अकराव्या धड्यानंतर

मी इटालियन शिकवणारी स्वाध्यायपुस्तिका बोलतेय. इंग्रजीच्या वळणाने इटालियन बोलायला जाऊन जे तोंडघशी पडतात, त्यांच्यासाठी मला छापलं.

मला एका बाईंनी आणलं. लेक लग्न होऊन इटलीला गेली होती, नात तीच भाषा बोलणार होती. दुपारचं काम आवरलं की बाई पेन्सिल घेऊन बसत. अकरा धडे झाले. मग त्या आजारी पडल्या आणि गेल्या.

वर्षभर मी कपाटात पडून होते. एक दिवस त्यांच्या नवऱ्याने मला बाहेर काढलं. ते चष्मे बनवत. दुकान बंद करून लेकीकडे कायमचं जायचं घाटत होतं. त्यांनी शाईने बारावा धडा सुरू केला. ‘मी आलो’साठी लिहिलं, ‘सोनो अर्रिवातो’. अगदी बरोबर.

सकाळी शेवटच्या रोमन ‘o’ला पेन्सिलीची शेपटी फुटून त्याचा ‘a’ झालेला. ‘अर्रिवाता’.

त्यांनी लेकीला फोन लावला.

“बाबा, ‘अर्रिवाता’ बाईने म्हणायचं. ‘मी आले.’ इंग्रजीत हा भेद नाही, म्हणून सगळे चुकतात.”

“मी ‘अर्रिवातो’च लिहिलं होतं गं.”

“आधी स्वतःचा चष्मा बदला,” ती हसली.

ते हसले नाहीत. शेपटी रबराने खोडली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा तिथेच. मला हात कधी दिसला नाही. पानावर टोक टेकल्याचा भार तेवढा जाणवे, आणि कागद गार पडे.

पुढचा धडा आठवणीचा. इंग्रजीत आठवण काढणारा कर्ता असतो. इटालियनमध्ये ज्याची उणीव भासते, तो. त्यांना लिहायचं होतं, ‘मला तुझी उणीव भासते’. इंग्रजीच्या सवयीने लिहून बसले, ‘ति मांको’. अर्थ नेमका उलटा झाला: ‘तुला माझी उणीव भासते.’

ते पाणी प्यायला उठले. परतले तेव्हा शाई ओलीच होती. खाली पेन्सिलीने, बाईंच्या अक्षरात, ‘सी’. म्हणजे ‘हो’.

त्यांनी पुन्हा फोन लावला. मग लेकीला म्हणाले, “इतक्यात येत नाही मी.”

“का, बाबा?”

“धडे राहिलेत.”

आता ते रोज एकच ओळ लिहितात आणि खुर्ची ओढून वाट बघतात. माझी तीनच पानं कोरी उरलीत. कुणाकडे माझ्यासारखी दुसरी असेल, तर या घरी पोचती करा. काल माझ्या पानांबाहेर, खालच्या टेबलाच्या लाकडावर पेन्सिलीचं पहिलं अक्षर उमटलं.