आकडा सांगणारा पंखा

उमाकांतभाऊंचा कॉम्प्युटर आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला आणि रिनाला पुन्हा बोलावणं आलं. उमाकांतभाऊ अक्कलकुव्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे आणि रिना त्यांच्यासारख्या वीस-पंचवीस जणांची मशिनं दुरुस्त करायची. मोलगीच्या वरच्या पाड्यातली पोरगी नंदुरबारला आयटीआय करून आली, तेव्हा लोक तिच्या हातात साधा माऊस द्यायलाही कचरायचे. आता तिच्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं. गरज पडली की समोरचं कोण, कुठल्या पाड्यातलं, हे सगळं माणूस विसरतो आणि गरज सरली की बरोबर त्याला आठवतं.

आज खरं तर ती येणारच नव्हती. आज मोलगीचा बाजार होता आणि बाराच्या जीपने तिला वर जायचं होतं. होळी वीस दिवसांवर आली होती. डोंगरातला माणूस दिवाळीला आला नाही तर चालतं, पण होळीला आला नाही तर घरचे अंगणात येऊन वाटेकडे बघत बसतात. तिचा धाकटा भाऊ उदेसिंग दिवाळीनंतर गुजरातेत कामाला गेला होता आणि गेले दोन-तीन बाजार तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता.

एकाच पाड्यातले तिघे गेले होते: उदेसिंग, भिला आणि वयाने मोठा जामसिंग. पांढरा दगड दळून त्याची पूड करायचा कारखाना. मुकादम धर्मेंद्र कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नव्हता, म्हणून तिघांत मिळून जामसिंगचा एक बटणांचा फोन. त्यावर रिनानेच तोड काढली होती. बाजाराच्या दिवशी दोन वाजता तिघांच्या घरच्यांनी मीनाबाईच्या चहाच्या ठेल्यावर जमायचं, तिथे रेंज मिळते. रिनाने जामसिंगला फोन लावून स्पीकर सुरू करायचा आणि त्याने तिघांची खुशाली सांगायची. आपल्या या युक्तीचा तिला अभिमान होता.

सुरुवातीला तिघेही बोलायचे. भिला आईची चेष्टा करायचा, उदेसिंग आपल्या कोंबड्याची चौकशी करायचा. मग भिला पाळीवर असायला लागला. मग उदेसिंग झोपलेला असायला लागला. राहिला जामसिंग. तो म्हणायचा, सगळे बरे आहेत, काळजी करू नका. भिलाची आई फुलवंताबाई एकदा म्हणाली होती की पोराचा आवाज कानावर पडला असता तर बरं वाटलं असतं. त्यावर रिनाने तिला शहाण्यासारखं समजावलं होतं, काकी, शितावरून भाताची परीक्षा होते, एक बरा म्हणजे सगळे बरे. म्हातारी मान हलवून मीठ-मिरची घ्यायला गेली होती.

उमाकांतभाऊ दारातच उभे होते. लग्नसराई तोंडावर आली होती, तीन लग्नांचं काम मशीनमध्ये अडकलेलं होतं आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"स्क्रीनवर तं आकडा बरोबर दखाई ऱ्हायना, रिना," ते म्हणाले. "मंग बंद काबर पडस?"

आकडा दिसतोय तरी मशीन बंद का पडतं, हे त्यांना कळत नव्हतं. आकडा म्हणजे पंख्याचा वेग. गेल्या उन्हाळ्यात या मशीनमध्ये पाच पंखे रिनानेच बसवले होते. व्हिडिओचं काम जड, ते करणारं आतलं कार्ड तापायचं, आणि मदरबोर्डवर पंखा जोडायला जागा एकच रिकामी होती. म्हणून तिने एकातून दुसऱ्याला वायर जोडत जाता येते असे पंखे आणले. मागचा पंखा बोर्डाला जोडला, त्याला वरचा, वरच्याला पुढचे तीन. बोर्ड त्या एकाच जागेतून पाचांना वीज देई आणि तापमान वाढलं की पाचांना एकदमच हुकूम सोडी, जोरात फिरा. पण तू किती फिरतोयस हे मात्र तो फक्त पहिल्यालाच विचारी. बाकीच्या चौघांना उत्तर द्यायची वायरच नव्हती. रिनाला हे ठाऊक होतं. तरी तिने उमाकांतभाऊंना कोपऱ्यातला आकडा दाखवून सांगितलं होतं की हा दिसतोय तोवर निर्धास्त राहा.

आकडा आजही दिसत होता. नुसता दिसत नव्हता, वाढला होता. पूर्वी बाराशेच्या आसपास असायचा, आता दोन हजारांवर गेला होता. जास्त आकडा म्हणजे जास्त वारा, असा हिशोब करून उमाकांतभाऊ उलट खूश झाले होते.

रिनाने खाली बसून मशीन टेबलाखालून ओढलं. हायवेवरच्या ट्रकची धूळ बसू नये म्हणून उमाकांतभाऊंच्या बायकोने त्याला भरतकामाचं झाकण घातलं होतं. दसऱ्याचं हळदकुंकू अजून पत्र्यावर होतं. तिने झाकण काढलं आणि पुढच्या जाळीसमोर तळहात धरला. वारा नव्हता. तिने पत्रा उघडला. पुढचे तिन्ही पंखे उभे होते. वरचाही उभा होता. पात्यांवर पिठासारखी धूळ चढली होती, म्हणजे ते आजचे थांबलेले नव्हते. मागचा एकटा पंखा मात्र जीव तोडून फिरत होता.

तिने मशीन बंद करून वायर बोटांनी चाचपली. मागच्या पंख्यातून पुढे जाणारा पहिलाच सांधा तपकिरी होऊन वितळला होता. चौघांचा भार एकाच ठिकाणी घेतल्यावर दुसरं काय होणार होतं? चौघांची वीज कधीच तुटली होती. मशीन तापत गेलं, बोर्ड हुकूम सोडत गेला आणि तो ऐकायला एकच उरला. तोच पाचांचं काम ओढत होता, म्हणून त्याचा आकडा चढला होता. बोर्ड खोटं बोलला नव्हता, पंखाही नाही. त्याने आपल्यापुरतं खरं सांगितलं होतं. ते पाचांचं आहे, असं म्हणणारी रिना होती.

तिने त्या पंख्याच्या मध्यावर बोट टेकवलं. तो चटका बसावा इतका तापला होता. आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

गेल्या बाजाराला जामसिंगचा आवाज बसलेला होता. पूर्वी तो हळू बोलायचा, मध्ये थांबायचा, पावसापाण्याचं विचारायचा. गेल्या दोन-तीन खेपांना तो घाईघाईने आणि मोठ्याने बोलत होता. दोन पाळ्या कराव्या लागतात, असं एकदा बोलून गेला होता आणि सगळ्यांना वाटलं होतं की बरं आहे, काम भरपूर आहे. गेल्या वेळी तर फोन लागताच, कुणी काही विचारायच्या आत, त्याने सांगून टाकलं होतं की सगळे बरे आहेत.

रिनाला भीती वाटली. दोन वाजायला अजून तीन तास होते. तिने हातातली वायर खाली ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसून जामसिंगला फोन लावला.

बराच वेळ घंटी वाजली. मग मागून दगड दळल्याचा घरघराट आणि त्यात जामसिंगचा आवाज. "सगळे बरे आहेत," तो म्हणाला.

तिने घरच्या बोलीत, अगदी साध्या आवाजात, उदेसिंगला फोन द्यायला सांगितलं. तो पाळीवर होता. भिलाला दे म्हणाली, तर भिलाही पाळीवर होता. आत्ता का केलास, मुकादम रागावतो, दोन वाजता कर, असं जामसिंग म्हणाला. तो फोन ठेवणार हे तिला कळलं. आणखी काय विचारायचं तेही सुचेना. मग घरातली कोणतीही बाई विचारील ते तिने विचारलं.

"दादा, आज भाकरी कुणी थापल्या?"

"मीच."

"किती?"

"तीन," जामसिंग म्हणाला.

दिवसभर दगड उचलणारा डोंगरातला माणूस एकटा तीन भाकरी खातो. हे जामसिंगला ठाऊक होतं आणि रिनालाही. बाकी दोघांसाठी काही थापलंच नव्हतं.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. संक्रांतीनंतर भिलाला धाप लागली, रात्री बसून काढायचा. धर्मेंद्रने त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेतो म्हणून नेलं. त्यानंतर भिला दिसला नाही. विचारलं की धर्मेंद्र म्हणायचा, घरी कळवलंस तर होळीला गाडी मिळणार नाही. उदेसिंग पंधरा दिवसांपासून खोलीत पडून होता. पेजेखेरीज काही जात नव्हतं, बोलायला गेला की खोकल्याची उबळ यायची. होळीपर्यंत ताईला सांगू नको, असं त्यानेच हाताने खुणावलं होतं. जामसिंग दोघांच्या पाळ्या भरत होता आणि बाजाराच्या दिवशी बरं आहे म्हणत होता. काय म्हणणार होतो, असं त्याने रिनालाच विचारलं.

"खोलीत जा," रिना म्हणाली. "फोन त्याच्या तोंडाशी धर."

घरघराट मागे पडला. दार वाजलं. मग तिने भावाचा श्वास ऐकला. तो ओढला जात होता, मध्ये अडकत होता, पुन्हा कसाबसा सुटत होता. पंख्याचं वंगण सुकलं की तो असाच फिरतो. मशीनला कान लावून रिनाने हा आवाज शेकडो वेळा ऐकला होता आणि गिऱ्हाइकांना सहज सांगितलं होतं, फार दिवस नाही काढायचा हा. ते शब्द आठवून तिला स्वतःची किळस आली.

"उदे, बोलू नकोस," ती म्हणाली. "मी निघाले."

उमाकांतभाऊंना बोली सगळी कळली नसली, तरी तिचा चेहरा कळला. लग्नांचं काय, मशीन कधी मिळेल, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि बायकोला सांगितलं, "मी गुजरातमा जाई ऱ्हायनू, वाट नको दखू." मशीन पत्रा उघडा ठेवूनच मागे राहिलं.

गाडी हद्द ओलांडून बरीच पुढे गेल्यावर रिनाचा फोन वाजला. मीनाबाईचा नंबर होता. दोन वाजून गेले होते. घरचे ठेल्यावर जमले असणार, हे रिना साफ विसरून गेली होती.

पलीकडे फुलवंताबाई होती. बाजारातला गलबला मागे ऐकू येत होता, होळीचा ढोल कुणीतरी वाजवून बघत होतं.

"पोरी, आम्ही केव्हाचे बसलोय. जामसिंग काय म्हणतो? सगळे बरे आहेत ना?"

होय म्हणणं किती सोपं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं, आणि इतके दिवस जामसिंग ते कसं उच्चारत होता हे रिनाला त्या क्षणी पुरतं कळलं. तिने डोळे मिटले.

"काकी, उदे आजारी आहे. त्याच्याकडेच चाललेय," ती म्हणाली. "भिलाचं मला माहीत नाही. जामसिंगलाही माहीत नाही. संक्रांतीपासून त्याला कुणी बघितलेलं नाही."

फुलवंताबाई रडली नाही. ढोल थांबला, पुन्हा वाजला.

"मग इतके बाजार," म्हातारी म्हणाली, "बरं कोण होतं, पोरी?"