मंडळींची दुपार

चष्मेवाल्याच्या हातून काच कधी घाणेरडी राहिली नाही, आणि नेमक्या त्या स्वच्छतेनेच त्याचा घात केला. बायको परत यायला दोन दिवस उरले असताना तो कोठीच्या खोलीत अंधारात जमिनीवर बसला होता. मांडीवर मोठी बरणी. ती तो हलवत होता, थांबत होता, पुन्हा हलवत होता. बरणी काळीठिक्कर ती काळीठिक्करच.

आता ही बरणी कसली, ते सांगायला हवं. त्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे अख्खी गल्ली तिला बाई म्हणायची. गल्लीचं ऐकून ऐकून घरात तोही बाईच म्हणू लागला. बाई निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्यांना एक बाटली दिली. आत समुद्राचं पाणी आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव. अंधारात बाटली जराशी हलवली की पाणी निळंशार उजळायचं आणि क्षणात विझायचं. लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात, बाईंनी हे पाळले. एका बाटलीच्या तीन केल्या आणि त्यांचं नाव ठेवलं मंडळी. "मंडळी दमलीत, आता हलवायचं नाही," असं त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या की आलेला पाहुणा खरंच आवाज खाली आणायचा.

मंडळी चमकायची ती फक्त त्यांच्या रात्री. पण म्हातारपणी जागरण करायचं कुणी? बाईंनी त्यांची रात्रच दुपारी आणली. कोठीला खिडकी नव्हती. आतला दिवा मध्यरात्री आपोआप लागायचा आणि दुपारी बाराला विझायचा. चष्मेवाला एक वाजता दुकान बंद करून जेवायला घरी यायचा, चारला परत उघडायचा. जेवण झालं की दोघं कोठीत शिरून दार लावून घ्यायचे.

"रोज दुपारी दार लावून काय चालतं हो तुमचं?" शेजारीण विचारायची.

"या की एकदा, तिघांना जागा आहे," बाई म्हणायच्या, आणि चष्मेवाला कानापर्यंत लाल व्हायचा.

हे सगळं हसण्यावारी होतं, दोन वर्षांपूर्वी बाईंच्या डोळ्यांचा आजार कळेपर्यंत. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, यावर औषध नाही. आधी अंधारातलं दिसणं जाईल. दिवसा बरेच दिवस ठीक दिसेल, मग कडेकडेने कमी होत जाईल. तीस वर्षं लोकांच्या नजरा तपासणारा माणूस, पण त्या दिवशी तो डॉक्टरांना पुन्हा पुन्हा तपासायला सांगत राहिला. बाईच त्याला म्हणाल्या, "अहो, असं तोंड करू नका. माझी मंडळी मला दिसतायत ना, तोवर मी धडधाकट आहे. ज्या दिवशी ती दिसणार नाहीत, त्या दिवशी बघू."

तेव्हापासून रोज दुपारी त्याचा जीव टांगणीला. बाई बाटली हलवायच्या, तो श्वास रोखून बसायचा. "दिसतायत," त्या म्हणायच्या, की त्याला चार वाजता दुकान उघडायचं बळ यायचं. बिचारा त्या एका शब्दावर जगत होता, दुसरं काही नाही.

बाई धाकट्या बहिणीकडे गेल्या होत्या, आठ दिवसांसाठी. तिच्या गावातल्या मोठ्या इस्पितळात डोळे पुन्हा तपासून घ्यायचे होते. जाताना बजावून गेल्या, "मंडळींना काही करू नका. नुसतं बघा."

पण नुसतं बघेल तर तो चष्मेवाला कसला! बाटल्यांच्या आत मिठाचा धुरकट थर बसला होता. त्याच्या मनात आलं, बाईची नजर उणावतेय आणि आपण तिला अशा डागाळलेल्या काचेतून बघायला लावतो? दुकानातून त्याने बुडापर्यंत नितळ अशी मोठी बरणी आणली. चष्म्याच्या काचा पुसायच्या द्रावणाने ती आतून बाहेरून चोळली, पाण्याने दोनदा खळबळली आणि तिन्ही बाटल्या तिच्यात ओतल्या. एकही मागे ठेवली नाही. सगळी मंडळी एकत्र आली की उजेड तिप्पट होईल, बाईला लांबूनसुद्धा दिसेल, हा त्याचा हिशेब. काय म्हणावं अशा माणसाला? प्रेमापोटी करायला गेला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

दुसऱ्या दुपारी बरणी हलवली तर काहीच नाही. तळाशी तपकिरी गाळ.

त्याने प्रयोगशाळेतल्या मुलीला फोन लावला.

"काका, बरणी कशाने धुतलीत?"

त्याने सांगितलं.

"साबणाचा अंशसुद्धा चालत नाही हो त्यांना," ती हळूच म्हणाली.

"थोडी तरी दे मला. चमचाभर दे. मी आत्ता येतो."

"आमच्याकडचीही गेल्या महिन्यात उकाड्याने मेली, काका. दुसरीकडून मागवलीत. यायला तीन आठवडे."

"मला परवा हवीत गं!" तो ओरडला, आणि ती लेकराच्या वयाची मुलगी आहे हे आठवून त्याने माफी मागितली.

खरं सांगून टाकायचं, झालं, असं तुम्ही म्हणाल. त्यानेही तेच ठरवलं होतं. पण रात्रभर विचार केला तसा त्याला त्यातला धोका दिसला. बाईने विश्वास ठेवला पाहिजे ना! बाटली हलवली, दिसलं नाही, आणि नवरा म्हणतोय, 'अगं, ती मेलीत, तुझे डोळे ठीक आहेत.' ती काय समजणार? डोळे गेले आणि हा सारवासारव करतोय, हेच. त्याने त्या जिवांना तर मारलंच, वर बायकोला धडधाकट डोळ्यांनिशी आंधळं करून ठेवलं.

मग तो खेळण्यांच्या दुकानात गेला आणि वाकवली की चमकणारी निळी कांडी घेऊन आला. ती पाण्यात सोडली. औषधाच्या दुकानाच्या पाटीसारखी ती एकसारखी जळत राहिली. त्याने ती काढून भिंतीवर फेकली आणि मोठ्याने रडला. शेवटी गाळासकट पाणी बाईंच्या जुन्या बाटलीत भरून फळीवर ठेवलं.

बाई आल्या त्या दुपारी दीडला. भाच्याने दारापर्यंत सोडलं आणि तो गेला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"जैसे थे म्हणाले. जेवण नंतर, आधी मंडळींना भेटू."

"बाई, थांब. मला आधी एक सांगायचंय."

"चला हो! आठ दिवस झाले."

त्या भिंतीला हात लावत कोठीत गेल्या आणि खाली बसल्या. तो मागोमाग. दार लागलं. त्याने बाटली त्यांच्या हातात दिली. आता सांगतो, आता सांगतो, असं तो मनात घोकत होता. तेवढ्यात बाटलीतलं पाणी डुचमळल्याचा आवाज झाला.

मिट्ट काळोख.

"अगंबाई!" बाई म्हणाल्या. "आज तर काय चमकतायत! माझी वाटच बघत होती जणू."

चष्मेवाला त्यांच्यासमोर खाली बसला.

"दिसतायत," बाई पुन्हा म्हणाल्या, रोजच्या आवाजात. "ऐकलंत ना? दिसतायत."

अंधारात त्याने त्यांचा गुडघा चाचपला आणि धरून ठेवला.

"बाई, मंडळी मेली गं. परवाच. मी बरणी धुतली आणि मारली त्यांना. काही चमकत नाहीये."

पाण्याचा आवाज थांबला.

"म्हणजे काळोखच आहे?" त्यांनी विचारलं.

"काळोखच आहे."

"मग आज मला बरोबर दिसलं म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि हसायला गेल्या, पण ते हसू मध्येच तुटलं.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"पाच महिने झाले." त्यांनी बाटली खाली ठेवली. "तुम्ही रोज श्वास रोखून बसायचात. मला ऐकू यायचं. कसं सांगणार होते मी?"

पाच महिने! रोज दुपारी शेजारी बसून त्याने त्यांचा तो शब्द ऐकला होता, आणि एकदाही त्याला शंका आली नव्हती. तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. बाईंचा हात चाचपडत आला, आधी त्याच्या कानाला लागला, मग केसांवर स्थिरावला. चार वाजून गेले तरी दुकान उघडलं नाही.