पुसलेला नंबर

नारीन शहराच्या नाक्यावर त्या हिवाळ्यात आपल्याला किती वेळा थांबवलं, हे मोजणं बुरुलनं केव्हाच सोडून दिलं होतं. पोलीस वाकायचा, बोटानं पुढच्या नंबरप्लेटवरचा चिखल पुसायचा, आणि चिखलाखाली आकडाच उरलेला नाही हे दिसलं की तिच्याकडे असा बघायचा, जणू तिनंच तो चाटून खाल्लाय.

"ताई, हा तीन की आठ?"

"आठ."

"मला तर तीन दिसतोय."

"मागच्या प्लेटवर बघा ना साहेब."

"मागची गंजलीय. तिथं तीनही नाही अन् आठही नाही."

आटबाशीहून नारीनला जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांची ही गत. हिवाळाभर बर्फासाठी रस्त्यावर मीठ आणि वाळू टाकतात, आणि खिंडीच्या उतारावर चीनकडून येणारे ट्रक पुढं असले की खडीचा नुसता मारा. त्यात बुरुलची ऑडी म्हातारी. माणसं मात्र तिच्याच गाडीत बसायला बघायची, कारण ती कधी गाणी लावत नसे आणि वळणावर कुणाला मागं टाकायला जात नसे. खरं तर तेवढी ताकदच तिच्यात उरली नव्हती. पहाटे गाय पिळायची, चुलीत कोळसा घालायचा, नवऱ्याला उठवून खिडकीशी बसवायचं, मग बाजारातल्या थांब्यावर चार माणसं भरेपर्यंत थंडीत ओरडायचं, आणि संध्याकाळी तेच उलट. नवरा कुबात दोन उन्हाळ्यांपूर्वी गवताच्या गंजीवरून पडला होता. तेव्हापासून काठीच्या आधारानं पलंगापासून खिडकीपर्यंत, एवढंच त्याचं जग. त्याची गाडी तेव्हापासून ती चालवत होती.

नंबरची कटकट ऐकून कुबातनंच एक दिवस काळा रंग मागवला, दोन्ही प्लेटा काढायला लावून मांडीवर घेतल्या आणि आकडे रंगवले. दुपारभर मान खाली घालून काम करत होता. बरं वाटलं बुरुलला त्याला तसं बघून. दुसऱ्या दिवशी नाक्यावरचा पोलीस मात्र लालबुंद झाला.

"हे काय? नंबर हातानं काढलाय? अहो ताई, पुसलेला नंबर ही आळशीपणाची गोष्ट. हा तर सरळ गुन्हा आहे! पुन्हा अशी दिसली तर गाडी पोलिसांच्या आवारात जमा. नवीन प्लेटा करून घ्या."

"कुठं?"

"नोंदणीच्या कचेरीत. मालकाला घेऊन या, म्हणजे झालं."

म्हणजे झालं! मालक म्हणजे इशेनाली, कुबातचा थोरला भाऊ. गाडी घेतली तेव्हा कुबातचं ओळखपत्र नदी ओलांडताना वाहून गेलं होतं, म्हणून भावानं आपलं नाव लावलं. नंतर बदलू म्हणाले होते. पण मध्येच त्यांचे वडील वारले, आणि दोघा भावांचं बोलणंच तुटलं.

तुटलं ते घोड्यावरून. म्हाताऱ्याचा लाडका करडा घोडा होता. रीतीप्रमाणे वर्षश्राद्धाच्या जेवणाला तो कापायचा असं इशेनालीनं सगळ्या आळीला सांगून ठेवलं, आणि त्या दिवशी सकाळी घोडा गायब. कुबातनं तो पलीकडच्या गावात मित्राच्या गोठ्यात नेऊन लपवला होता. पाहुणे येऊन बसले, कढई रिकामी. शेवटी घाईघाईनं मेंढरं कापली. चारचौघांत इशेनालीची मान खाली गेली. घोडा पुढं म्हातारा होऊन आपल्या मरणानं मेला, पण भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. कुबात गंजीवरून पडला तेव्हाही थोरल्यानं माणसाकरवी लोण्याचा डबा तेवढा पाठवला.

"तू जा त्याच्याकडे," कुबात भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "मी फोन करणार नाही."

"नका करू. तुम्ही कधी काय करता म्हणा!" बुरुल म्हणाली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. पण माघार घ्यायलाही त्राण नव्हतं.

इशेनालीचं मेंढ्या राखायचं हिवाळी ठाणं आटबाशीच्या वर, डोंगराच्या कुशीत. ती पोचली तेव्हा मेंढ्या विण्याचे दिवस ऐन भरात होते. इशेनाली गोठ्याच्या दारात एक ओलं कोकरू कोटाच्या आत घेऊन उभा होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. तिला बघून तो एवढंच म्हणाला, "मेला काय तो?"

"नाही भाऊजी. नंबर पुसलाय."

तिनं सगळं सांगितलं. तो कोकराला चोळत राहिला.

"आता? ऐन विण्याच्या दिवसांत? ह्या तीन रात्री मी पाठ टेकली नाही, बुरुल."

"माझ्या गाडीवरच आमचं पोट आहे भाऊजी. ती आवारात जमा झाली तर..."

"जमा झाली तर लोक म्हणतील इशेनालीची गाडी पोलिसांनी नेली." त्यानं कोकरू बायकोच्या हातात दिलं. "चल. पण दुपारपर्यंत मला परत आणून सोड."

तो पुढच्या सीटवर बसला. खिडकीबाहेर बघता बघता त्याची मान कलली आणि तो घोरायला लागला. त्याचं घोरणं ऐकून बुरुलच्याही पापण्या जड झाल्या. तिनं कुरुतचा, वाळवलेल्या दह्याचा, एक खारट खडा दाढेखाली धरला आणि खिंड चढली.

कचेरीत रांग होती. इशेनाली बाहेर गाडीतच झोपून राहिला. खिडकीशी नंबर आला तेव्हा आतल्या पोरसवदा कारकुनानं विचारलं, "मालकाचं नाव?"

बुरुलनं डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला.

"नाव सांगा ना बाई."

"माझे थोरले दीर आहेत."

"बरं, मग त्यांचं नाव?"

लग्न होऊन आल्यापासून तिनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. दिराचं, सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, हे आटबाशीत शेंबडं पोरही जाणतं. हा कारकून बहुधा मोठ्या शहरात वाढला होता.

मागं उभी असलेली म्हातारी फिसकन हसली. "अरे लेकरा, सून आहे ती. कशी घेईल? ए सुने, अर्थ सांग नावाचा, मी ओळखते."

बुरुलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "भरवसा," ती पुटपुटली. "भरवसा... अली."

"इशेनाली!" म्हातारी विजयानं ओरडली. "लिही रे, इशेनाली. आणि ज्याच्या नावात एवढा भरवसा आहे तो गाडीत का झोपलाय?"

सगळी रांग हसली. बुरुलही हसली, किती दिवसांनी. मग बाहेर जाऊन तिनं दिराला उठवलं.

पुढचं काम मागच्या अंगणात. तपासनिसानं गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर बघायला बॉनेट उघडलं, तिथं चिखलाचा थर. बुरुलनं फडकं ओलं करून तो पुसला. मग तो म्हणाला, जुन्या प्लेटा काढून जमा करा. बोल्ट असे गंजले होते की पाना घसरत होता. तिच्या हातून सुटेना, तेव्हा इशेनालीनं कोट काढला आणि चिखलात गुडघा टेकला. पाना सटकला, बोटाचं साल निघालं. शिवी हासडत त्यानं प्लेट उपटून काढली, उजेडात धरली आणि बघतच राहिला.

"हे कुणी रंगवलं?"

"ह्यांनीच."

"आठ असा काढतात होय?" त्यानं अंगठा त्या आकड्यावरून फिरवला. "शाळेतही त्याला आठ कधी जमला नाही. एकावर एक दोन गोल ठेवायचा, बर्फाच्या बाहुल्यासारखे. मास्तर मारायचे, आणि हा मार खाऊन पुन्हा दोन गोलच काढायचा."

त्यानं प्लेट तपासनिसाकडे दिली. तपासनिसानं घड्याळ बघितलं. "आता जेवणाची सुट्टी. नवीन प्लेटा नंतर."

"माझी कोकरं मरतायत तिकडं!" इशेनाली म्हणाला.

"माझंही पोट मरतंय आजोबा," म्हणून तो निघून गेला.

दोघं गाडीत बसली. बुरुलनं घरून आणलेले कणकेचे बोरसोक फडक्यावर मांडले, थर्मासातला दूध-चहा वाडग्यात ओतला. इशेनाली तळलेला तुकडा चहात बुडवून मुकाट्यानं खात होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तेव्हाच गाडी त्याच्या नावावर करून टाकली असती तर आज ही पीडा नसती. पण ज्यानं मला भर मांडवात खाली बघायला लावलं..."

बुरुलनं वाडगा खाली ठेवला.

"पुरे करा भाऊजी." आपला आवाज एवढा वर गेलेला तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "तुम्ही डोंगरावर रुसून बसलात, ते भिंतीकडे तोंड करून रुसलेत. आणि मधल्या रस्त्यावर मी धावते. मी दमले. एका मेलेल्या घोड्यासाठी अजून किती धावू?"

इशेनालीचा हात हवेतच थांबला. सुनेनं असं बोलणं त्यानं उभ्या आयुष्यात ऐकलं नसावं.

"माझा हट्ट नव्हता तो," तो म्हणाला. "बाबांनी मला स्वतः सांगितलं होतं. मी गेलो की माझ्या जेवणाला करडा कापा, पोटभर खाऊ दे लोकांना."

"ह्यांना सांगितलं होतं, करड्याच्या अंगाला हात लावू देऊ नकोस."

"खोटं."

"खोटं नाही. मी तिथंच होते, त्यांची पाठ चोळत. तुम्हाला सांगितलं तेव्हाही चहा मीच ओतत होते." तिनं श्वास घेतला. "आणि मला काय म्हणाले सांगू? म्हणाले, बुरुल, ह्या दोघांचं ऐकू नको, मी मेलो की घोडा विकून टाक आणि छप्पर शाकार."

इशेनाली तिच्याकडे बघत राहिला. "विकून टाक?"

"हो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, बायबोसूनच्या पोराला देऊन टाक. आजारपण होतं भाऊजी. रोज वेगळं बोलायचे."

"मग तू तेव्हा का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं?"

इशेनालीनं हातातला तुकडा फडक्यावर ठेवला. मग त्याचे खांदे हलायला लागले. बुरुलला वाटलं रडतोय की काय. पण तो हसत होता, आधी नाकातून, मग तोंड उघडून, खोकला येईपर्यंत. "बायबोसूनचा पोरगा! अगं, त्याला गाढवावरही बसता येत नाही!" त्यानं डोळे पुसले, आणि आता तो नुसता दमलेला म्हातारा दिसत होता. "वाह रे बाबा," तो म्हणाला. "काय करून गेलास."

सुट्टी संपायला हवी त्यापेक्षा बरीच उशिरा संपली. जुना नंबर मिळणार नाही, ती मालिका बंद झाली, असं कारकुनानं सांगितलं. नव्या दोन प्लेटा खिडकीतून सरकवल्या, पांढऱ्याशुभ्र. इशेनालीनं सही केली, मग खिडकीत डोकं घालून विचारलं, "ही गाडी आजच हिच्या नावावर होईल का? चालवते ती."

"त्याला वेगळा दिवस, वेगळी तपासणी आजोबा. पुन्हा यावं लागेल."

पुन्हा, हा शब्द ऐकून बुरुलला तिथल्या तिथं खाली बसावंसं वाटलं. "आज नको भाऊजी. आज राहू दे."

"लोकर कातरून झाली की येऊ," तो म्हणाला. "मी विसरलो तर तू येऊन ओरड. येतं तुला ओरडायला."

प्लेटा त्यानंच बसवल्या, सोललेल्या बोटानं. परतताना नाक्यावर पोलिसानं लांबूनच नंबर वाचला आणि काठी हलवून जायला सांगितलं. इशेनाली या खेपेला जागा होता. खिंड उतरल्यावर, आटबाशीची घरं दिसायला लागल्यावर त्यानं घसा खाकरला.

"तुमच्या घरापाशी थांब जरा."

तिनं काही न विचारता गाडी दारात उभी केली. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, "मी आलेच." तो उतरला, उंबऱ्याशी बूट काढताना अडखळला, आत गेला. उघड्या दारातून आवाज येत होते.

"कंबर कशीय?"

जमिनीवर काठी टेकली. मग कुबातचा आवाज. "आहे. कोकरं?"

"जुळी फार झाली यंदा. दोन दगावली."

"दूध कमी पडतंय का?"

"पडतंय. आणि तू तो आठ कसला काढलायस रे? पोलीस पकडेल नाही तर काय!"

"माझा हात थरथरतो."

"लहानपणी कुठं थरथरत होता?"

बुरुलनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. क्षणभरच, असं तिनं स्वतःला बजावलं. अजून दिरांना वर ठाण्यावर सोडायचं होतं, परतून गाय पिळायची होती, सकाळी पुन्हा थांब्यावर उभं राहायचं होतं. आत दोघं कशावरून तरी वाद घालत होते, आणि त्या आवाजातच तिला झोप लागली.

काचेवर टकटक झाली तेव्हा तिनं दचकून पाहिलं. बाहेर इशेनाली उभा होता, दोन्ही हातांत वाफाळता वाडगा धरून, चहा सांडू नये म्हणून अवघडून. थोरल्या दिरानं भावजयीला चहा आणून द्यायचा, असं आटबाशीत कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या कुंपणावरून दोन बायका टक लावून बघत होत्या.

"पी," तो म्हणाला. "मग निघू. घाई नाही... म्हणजे घाई आहेच, पण पी आधी."