लीलानं फळ्यावर लिहिलेलं

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. सागवानी, चांगला रुंद, एका कोपऱ्यात टवका उडालेला. आत्मवृत्त सांगताना आधी आपल्या जन्माचं कौतुक करायचं असतं, म्हणून सांगतो. जुन्या हुबळीतल्या एका सुतारानं मला केलं, काळा रंग दिला आणि उन्हात वाळत ठेवलं. त्यात यापलीकडे कौतुक करण्यासारखं काही नाही. माझ्या आयुष्यात सांगावी अशी गोष्ट एकच घडली, आणि ती वाईट आहे. ज्याला ऐकवणार नाही त्यानं आत्ताच खेळायला जावं.

मला देशपांडे नगरात सुलभाबाईंच्या घरी आणलं गेलं. बाई सकाळी शाळेत शिकवायच्या आणि संध्याकाळी घरच्या बाहेरच्या खोलीत शिकवणी घ्यायच्या. येणारी पोरं बहुतेक दहावीला इंग्रजीत आपटलेली. कानडी घरातली असोत की मराठी, सगळ्यांची बोबडी एकाच ठिकाणी वळायची, ती म्हणजे भविष्यकाळाला. 'आय शॅल, वुई शॅल, यू विल' असं पाढ्यासारखं म्हणून दाखवायची, आणि उद्या काय करणार विचारलं की गप्प.

बाई म्हणायच्या, "ते घोकलेलं ठेवा बाजूला. उद्याचं जे बोलणार, ते तुमच्या मनात कधी आलं तेवढं मला सांगा. आत्ता, बोलता बोलता आलं? मग 'विल'. दार वाजलं, तू म्हणालास मी उघडतो, आय विल ओपन इट. आधीपासून मनाशी ठरवून बसलायस? मग 'गोइंग टू'."

आणि पुस्तकातली वाक्यं त्यांना चालायची नाहीत. देशपांडे नगरातल्याच एका डॉक्टरांच्या संजीवनं एकदा 'राम उद्या गावाला जाणार आहे' असं लिहिलं, तर बाई म्हणाल्या, "कोण हा राम? मला ओळखीचा नाही. तू काय करणार ते सांग की." ज्याचं त्यानं, खरं, स्वतःचं लिहायचं. एकेक पोर उठून माझ्यावर एकेक वाक्य लिहायचं, आणि त्या घरच्या रिवाजाप्रमाणे ती वाक्यं दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी पुसायचं नाही.

कारण होते बाळाचार्य. बाईंचे सासरे, पोरांचे अज्जा, म्हणजे आजोबा. संध्याकाळी पालक पोरांना न्यायला आले की अज्जा त्यांना बसवून घ्यायचे, चहा मागवायचे आणि माझ्यासमोर उभं राहून प्रत्येकाच्या पोरानं काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. कानडी माणसाला कानडीत अर्थ, मराठी माणसाला मराठीत. वर आपल्या पदरचं चार शब्दांचं कौतुक. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं ती माणसंसुद्धा छाती फुगवून पायऱ्या उतरायची. खरं सांगतो, त्या वेळी मला फार बरं वाटायचं.

शहाण्णव साली लीला आली. कलघटगीजवळच्या खेड्यातली, शेतकरी रामूची थोरली लेक. दहावीत सगळे विषय सुटले होते, इंग्रजी तेवढं राहिलं होतं. ते सोडवायला ती हुबळीत सुनिता मावशीकडं राहत होती. मावशी एका दवाखान्यात आया होती. सुट्टीत मावशीबरोबर दवाखान्यात जाऊन जाऊन या पोरीच्या मनानं घेतलं होतं की आपण नर्स व्हायचं. एकदा सगळे गेल्यावर मागं थांबून तिनं बाईंना सांगितलं. बेळगावला शिकायची सोय आहे, मावशीनं चौकशी केलीय, फक्त दहावी सुटायला पाहिजे.

"घरी सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. घरी स्थळ बघायलेत. आत्ता सांगितलं तर अप्पा परीक्षेलाच बसू देणार नाहीत. पास झाले की मावशीला घेऊन जाणार आणि मग सांगणार."

"बरोबर आहे. पास हो आधी," बाई म्हणाल्या. तिचं सगळं या एका परीक्षेवर होतं, आणि परीक्षा आठवड्यावर आली होती.

त्या दिवशी 'गोइंग टू'ची उजळणी होती. लीलाची पाळी आली. खडू हातात घेऊन ती बराच वेळ नुसती उभी. बाई म्हणाल्या, "लिही की. ठरवलंयस ना तू? तेच लिही." तिनं मागं वळून पोरांकडं पाहिलं आणि लिहिलं, 'आय ॲम गोइंग टू बिकम अ नर्स. आय ॲम गोइंग टू लिव्ह इन बेळगाव.' तिचं अक्षर वळणदार होतं. मराठीत तिनं हे कधीच कुठं लिहिलं नसतं. इंग्रजीत लिहिलं, कारण तिच्या घरी इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, आणि तिला न्यायला घरचं कुणी येतही नसे. तिला ते कुलपात ठेवल्यासारखं वाटलं असणार.

नेमका त्याच संध्याकाळी रामू आला. बाजाराला आला होता, बाईंसाठी ओल्या शेंगांची पिशवी घेऊन आला. बाई आत स्वयंपाकघरात होत्या. अज्जांनी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. लीला दाराशी चपला घालत होती. अज्जा माझ्याकडं वळले तशी ती नुसती "अज्जा" एवढंच म्हणाली. त्यांना वाटलं, कौतुकानं लाजून म्हणतेय.

"थांब ग, लाजतेस काय. रामप्पा, बघा तुमची लेक काय लिहिते. एक चूक नाही. मी नर्स होणार आहे, म्हणते. मी बेळगावला राहणार आहे, म्हणते. आणि हे नुसतं होईन-बिईन नाही बरं का, हे पक्कं मनात ठरवलेलं आहे. भाग्यवान आहात."

रामूनं माझ्याकडं पाहिलं. मला पुसता आलं असतं तर मी स्वतःला पुसलं असतं. पण फळ्याला हात नसतात.

"व्हय?" तो म्हणाला. "बेळगावला. एकटी?" मग चहाचा कप उचलत, "बरं झालं सांगितलासा."

तो रागावला नाही. रागावला असता तर बाईंना भांडता तरी आलं असतं. त्यानं चहा संपवला, कपबशी नीट बाजूला ठेवली आणि लेकीला म्हणाला, "कपडे घे मावशीकडचे. सात वाजताची बस हाय."

"अप्पा, पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे."

"बघू."

बाई हात पुसत बाहेर आल्या तोवर दोघं पायऱ्या उतरले होते. लीला मान वर न करता म्हणाली, "बाई, येते." बाई म्हणाल्या, "ये." अशा वेळी तेच म्हणायची सवय असते.

दुसऱ्या दिवशी बाई आणि अज्जा कलघटगीला जाऊन आले. परत आल्यावर बाई पदरानं तोंड झाकून माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या. लीलाचं लग्न ठरून कुंकूही लावून झालं होतं. रामूनं त्यांना पाट दिला, गूळपाणी दिलं, एक शब्द वाकडा बोलला नाही. एवढंच म्हणाला की वेळेवर कळलं हे तुमचे उपकार. अज्जा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी तर तिचं कौतुक केलं ग सुलभा. मी कौतुकच केलं."

परीक्षेच्या दिवशी लीला हुबळीत नव्हती.

परीक्षेआधीचे ते चार दिवस शिकवणी काही थांबली नव्हती. पुढचा धडा आला. बाईंनी खडू उचलला आणि कोरड्या आवाजात सांगितलं, "चार माणसांनी बोलून, दिवस ठरवून पक्कं केलेलं असेल, तर 'गोइंग टू'सुद्धा लागत नाही. 'आय ॲम मीटिंग' म्हणायचं, 'शी इज लीव्हिंग' म्हणायचं. ते आता होणारच असतं. कोण देतं उदाहरण?"

संजीव उठला. पोरगा दुष्ट नव्हता, खऱ्या गोष्टी लिहायची सवय बाईंनीच लावली होती. त्यानं लिहिलं, 'लीला इज गेटिंग मॅरीड ऑन संडे.'

बाई वाक्याकडं पाहत राहिल्या. त्यात काही चुकलेलं सापडतंय का असं शोधत होत्या बहुतेक. काही चुकलेलं नव्हतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर बाई पालक यायच्या आधीच मला पुसून टाकायच्या. अज्जा बाहेरच्या खोलीत यायचे बंद झाले आणि दोन पावसाळ्यांत गेलेच. पालकांना वाटू लागलं, या बाई हल्ली काही शिकवत नाहीत वाटतं, फळा कोराच असतो. तोवर लॅमिंग्टन रोडला इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास निघाले, संगणकवाले. पोरं तिकडं गेली. मला काढून मागच्या अंगणात नेलं आणि पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून ठेवलं. रंग उडाला, कडा फुगल्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

दोन हजार पाच साली लीला आली. बाई आजारी आहेत असं कळून भेटायला आली होती. मी तिला आवाजावरून ओळखलं, चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. बरोबर आठ वर्षांची मुलगी, कुसुम. हातपाय धुवायला म्हणून लीलानं मला हौदावरून उचलून भिंतीला उभं केलं, आणि तिचे हात माझ्यावर जरा थांबले.

"अव्वा, हा फळा आहे की," कुसुम म्हणाली. "तू ह्याच्यावर लिहायचीस?"

"हं."

"काय लिहायचीस?"

"इंग्रजी. विसरले बघ सगळं."

पोरीनं बंबापाशी पडलेला कोळशाचा तुकडा उचलला. "मी लिहू? मी मोठेपणी काय होणार ते लिहू?"

लीलानं तिच्या हातातून कोळसा काढून घेतला. हळूच, पण काढून घेतला. इकडंतिकडं पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "लिहायचं नाही. कुणाला सांगायचं पण नाही. मला सुद्धा सांगू नको."

पोरगी हो म्हणाली.

मित्रांनो, फळ्यानं शेवटी आपली निगा राखा म्हणून विनवायचं असतं. माझी राखू नका, मी आता जळणाच्याच कामाचा आहे. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, आणि एखादं पोर पुढं काय करणार ते तुम्हाला कळेल. ते दुसऱ्या कुणाला सांगण्याआधी त्या पोराला एकदा विचारा, एवढी माझी विनंती आहे. तुम्ही विचाराल की नाही, मला माहीत नाही. अज्जा तर फार चांगले होते.